आठ सेकंदांचा न्याय

या, अशा पुढे सरकून बसा. लांबून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. शब्दाला जागणाऱ्या एका माणसाची आणि त्याचा शब्द खोटा पाडणाऱ्या त्याच्याच मित्राची कथा सांगतो. दोघांतलं कुणीच वाईट नव्हतं. वाईट माणसांच्या कथा सोप्या असतात हो, ऐकल्या आणि घरी गेलं. ही तशी सोडणार नाही.

साल सत्त्याण्णव. शिकागोतल्या लासाल रस्त्याजवळच्या एका बाजारात फिंटन गॅरिटी हा सटोडिया एकोणीस वर्षं उभा होता. उभा म्हणजे खरोखरच उभा, कारण तिथे बसायची सोयच नव्हती. मोठ्या दालनात पायऱ्यापायऱ्यांचे आखाडे बांधलेले, त्यांना पिट म्हणत. एकेका पिटात दीडदोनशे माणसं रंगीबेरंगी जाकिटं चढवून, खांद्याला खांदा घासत, सकाळी साडेआठपासून तीन वाजेपर्यंत ओरडायची. सगळा व्यवहार तोंडी. 'घेतले' म्हटलं की घेतले, 'विकले' म्हटलं की विकले. तळहात आपल्या छातीकडे वळवला तर घेणारा, समोरच्याकडे वळवला तर विकणारा. कागद मागाहून यायचा, शब्दाच्या मागे मागे, घरधन्यामागे चालणाऱ्या गड्यासारखा.

शेअर विकले जायचे न्यू यॉर्कला, आणि ते शेअर पुढे ठरल्या भावानं घ्यायचे हक्क इथे. तिथला भाव हलला की इथलाही हलायचा. डॉलरचे तेव्हा सोळा भाग पाडत, आपल्या जुन्या आण्यांसारखे, आणि एकेका आण्यासाठी माणसं घसा फोडत. तिथला भाव ज्याला आधी कळला, त्यानं निम्मी लढाई जिंकली.

फिंटनचं एक गुपित होतं. एकोणीस वर्षांच्या गलक्यानं त्याचा डावा कान गेला होता. पार गेला होता. कानानं गेलेला सटोडिया म्हणजे आवाज गेलेला कीर्तनकार. लोक दोन दिवस हळहळतात आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसरा उभा राहतो. फिंटनच्या घरात चार मुलं शिकत होती. त्यानं हे बायकोलासुद्धा अर्धंच सांगितलं होतं.

पिटात ते एकाला ठाऊक होतं. त्याच्या डाव्या हाताला, एक पायरी खाली, ल्युशस पेटवे उभा राहायचा. ल्युशस दलाल. स्वतःसाठी घ्यायचा नाही की विकायचा नाही, पेढ्यांची कामं करायचा. धिप्पाड, काळासावळा, छप्पन्न वर्षांचा माणूस, आणि आवाज असा की पलीकडच्या पिटातली माणसं मान वळवून बघायची. डावीकडून कुणी भाव ओरडला की ल्युशस बोटानं फिंटनच्या कोपराला हळूच टोचायचा आणि तोच भाव हातांच्या खुणांनी दाखवायचा. 'तुला ऐकू येत नाही का रे' असं कधी विचारलं नाही. फिंटननंही कधी आभार मानले नाहीत. अशा गोष्टी बोलल्या की नासतात.

ल्युशस शहराच्या दक्षिण भागात, एकोणऐंशीव्या रस्त्यावरच्या एका बाप्टिस्ट देवळात डिकन, म्हणजे देवळाचा सेवेकरी, होता. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला फिंटन एकदा तिथे गेला होता. फिंटन आयरिश कॅथलिक, त्याच्या देवळात पुटपुटल्यासारखी प्रार्थना चाले. इथे पाहतो तर काय, तिथले पाद्री रेव्हरंड मोझली आधी संथ बोलले, घरात बसून बोलावं तसे. मग बोलण्याला ठेका आला. मग ठेक्याला सूर लागला, आणि बघता बघता प्रवचनाचं गाणं झालं. प्रत्येक ओळीच्या शेवटी ऑर्गन हुंकार भरत होता, समोरची माणसं 'हं, सांगा' म्हणून साथ देत होती, आणि सगळ्यांच्या वर ल्युशसचा आवाज. आपल्याकडे बुवांच्या मागे टाळकरी ओळ झेलतात ना, अगदी तसं. ज्यानं हे एकदा ऐकलं त्याला देव कुठल्या देशाचा असा प्रश्न पडत नाही. फिंटन उजवा कान पुढे करून दोन तास बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "ल्युशस, आमचा पाद्री तर झोपेचं औषध देतो रे."

"मग येत जा इकडे. वर्गणीची थाळी मात्र आमच्याकडे तीनदा फिरते."

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते यंत्र आलं. पाटीएवढा संगणक, दोन पौंड वजनाचा. पट्ट्यानं डाव्या हाताला बांधायचा, लेखणीनं काचेवर टोचायचं. वर बोटाएवढी काळी अँटेना. तार नाही, काही नाही, न्यू यॉर्कचा भाव हवेतून थेट हातावर. 'त्याच क्षणी' असं कंपनीच्या माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. त्या पिटात पहिलं यंत्र घेतलं ते फिंटननं.

"काय रे, शाळेत नाव घातलंस वाटतं," ल्युशस म्हणाला. "पाटी-लेखणी घेऊन आलास. डबा आणलास का?"

"जळतोस तू."

"जळत नाही रे. तुला शेवटी अभ्यास करताना पाहून आनंद होतोय."

सगळे हसले, फिंटनही हसला. पण खरं सांगायचं तर त्याला ती पाटी म्हणजे देवानं पाठवलेला तिसरा कान वाटली. आता ऐकायची गरज नव्हती, बघितलं की झालं. भिंतीवर भाव झळकवणाऱ्या फळ्याकडे मान वर करून बघायचं त्यानं सोडलं. हळूहळू डावीकडे बघायचंही सोडलं. ल्युशसनं कोपराला टोचलं तर म्हणायचा, "दिसतंय मला, दिसतंय."

सप्टेंबरातला मंगळवार होता. एका संगणक-कंपनीबद्दल सकाळपासून वावड्या उठत होत्या आणि पिट उकळत होतं. पावणेअकराच्या सुमाराला फिंटननं हात छातीकडे वळवून आरोळी दिली, "सव्वातीनला पन्नास घेतो." आणि लगेच खाली पाटीवर नजर लावली. दहाएक सेकंदांनी काचेवरचा आकडा धाडकन उतरला. शेअर दोन डॉलरनं पडला होता. फिंटन ओरडला, "बाहेर. मी बाहेर." म्हणजे बोली मागे घेतली. मान वर केली तर ल्युशस सौद्याचं कार्ड लिहून, त्यावर वेळेचा शिक्का मारून मोकळा झाला होता.

"काय लिहिलंस?"

"सव्वातीन. पन्नास. तुला विकले."

"मी बाहेर पडलो होतो, ल्युशस."

"मी 'विकले' म्हटल्यावर पडलास."

त्या गदारोळात आधी कोण बोललं हे छातीठोकपणे सांगणारा एकही माणूस नव्हता. पण असे घोळ तिथे रोज व्हायचे, आणि ते मिटवायची एक रीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजायच्या आधी दोघांनी एका टेबलाशी भेटायचं. तोटा निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा, नाहीतर नाणं उडवायचं. मित्रांनी बाजाराच्या तंटा-समितीकडे जायचं नाही. या दोघांचे एकोणीस वर्षांत अकरा घोळ झाले होते, आणि अकराही वेळा कॉफी निवायच्या आत मिटले होते.

बुधवारी ल्युशस दोन कॉफ्या घेऊन आला. "चल, अर्धं-अर्धं. दुपारी बीफ सँडविच तुझ्याकडून, कारण चूक तुझी आहे."

दहा जण आसपास उभे होते. फिंटननं पाटी पुढे केली. "अर्धं कशाला? इथे लिहिलंय सगळं. दहा बेचाळीस आणि सात सेकंदांनी भाव पडला. पडला त्या क्षणी मी बाहेर पडलो. आणि तुझ्या कार्डावर शिक्का बघ, दहा बेचाळीस आणि पंधरा सेकंद. आठ सेकंद उशिरा विकलंस तू."

"अरे, आधी तोंड, मग हात. कार्ड लिहून शिक्का मारायला वेळ लागतो."

"आठ सेकंद?"

"मला लागतात. तू छप्पन्नचा हो, मग विचारतो."

कुणीतरी हसलं. फिंटन हसला नाही. इतकी वर्षं आपण नीट ऐकलं की नाही या धाकात जगलेल्या माणसाला पहिल्यांदाच खात्री सापडली होती, आणि ती वाटून घ्यायला तो तयार नव्हता. पैशांचं म्हणाल तर अर्धा तोटा त्याला सहज पेलला असता. त्याला बरोबर ठरायचं होतं.

ल्युशसनं कॉफी खाली ठेवली. "फिंटन, मी शब्द देऊन सांगतोय."

"आणि मी आकडा दाखवतोय."

फिंटन तंटा घेऊन समितीकडे गेला. समिती तिघांची होती. प्रमुख होता बाल्सामो, पिटातच केस पांढरे झालेला माणूस. त्यानं पाटी उलटसुलट करून पाहिली, कार्डावरचा शिक्का पाहिला आणि विचारलं, "लू, तुझं म्हणणं की तू आधी बोललास. हा तुझ्यापासून हातभर अंतरावर. मग यानं ऐकलं कसं नाही?"

ल्युशसनं फिंटनकडे पाहिलं. मग म्हणाला, "ते मला सांगता येणार नाही."

"दुसरं काही आहे तुझ्याकडे?"

"नाही. शब्द आहे तेवढा."

फिंटनला वाटलं, याच्याकडे उत्तर नाही म्हणून हा गप्प आहे. माणूस स्वतःच्या बाजूचं किती पटकन मानतो, बघा.

सौदा झालाच नाही, असा निकाल लागला. तेवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण निकालात एक ओळ होती, दलालाने भाव उतरल्यानंतर सौदा सांगितला. तुम्हाआम्हाला ही ओळ साधी वाटेल. त्या बाजारात तिचा अर्थ असा की हा माणूस पडलेला माल मित्राच्या गळ्यात मारतो. दुपारच्या जेवणापर्यंत ती सगळ्या दालनात फिरली. "लू, तू पण एक पाटी घे," असं कुणी म्हणालं, कुणी नुसतंच भुवया उंचावून बाजूला झालं. महिन्याभरात दोन पेढ्यांनी कामं काढून घेतली. ज्याचा 'विकले' हा शब्द विवादात जातो, त्याच्याकडून कोण विकून घेणार?

नोव्हेंबरात ल्युशसनं पिट सोडलं. निकालानंतर दोघं बोलले नव्हते. पण जायच्या आदल्या दिवशी डावीकडून एकानं चांगला भाव ओरडला, आणि फिंटनच्या कोपराला बोट टोचलं. फिंटननं न बघताच कोपर आवळून घेतलं.

जानेवारीपर्यंत त्या पिटात अठ्ठावीस पाट्या झाल्या. त्या काळातच फिंटनला काहीतरी खटकायला लागलं. शेजारचे लोक भिंतीवरचा फळा बघून ओरडायचे, आणि त्याच्या पाटीवर तो भाव मागाहून उमटायचा. कंपनीनं देखभालीसाठी पाठवलेल्या डोलोरेस क्विन नावाच्या बाई तिथेच होत्या. त्यांना त्यानं विचारलं.

"गर्दी आहे ना, मिस्टर गॅरिटी," त्या म्हणाल्या. "एवढी यंत्रं एकाच हवेतून आकडे ओढतात. पाचसहा सेकंद उशीर होतो कधी कधी."

"पण वेळ तर बरोबर छापते."

"ती वेळ आकडा न्यू यॉर्कहून निघाल्याची. तुमच्या हातात केव्हा पोचला, ते यंत्र लिहूनच ठेवत नाही."

फिंटन म्हणाला, "सप्टेंबरात तर माझं एकट्याचंच होतं."

"तेव्हा तर आणखी वाईट. पलीकडच्या एका भिंतीवरच झेलायचं उपकरण होतं, आणि मध्ये एवढी माणसं. दहाबारा सेकंद सहज."

मनातल्या मनात त्यानं पुन्हा तो मंगळवार उभा केला. भाव सात सेकंदांवर पडला. त्याला तो दिसला सतरा-अठरावर. मग तो ओरडला. तोवर ल्युशसचं बोलून, लिहून, शिक्का मारूनसुद्धा झालं होतं. हातभर अंतरावरून, त्या घंटेसारख्या आवाजात ल्युशस 'विकले' म्हणाला होता, आणि ते त्याच्या मेलेल्या कानावर पडलं होतं.

आता इथे जरा थांबतो. सप्टेंबरात घडली ती चूक होती. चूक देव पदरात घेतो. पण जानेवारीत सगळं कळल्यावर फिंटन गॅरिटीनं काय केलं? काही केलं नाही. समितीपुढे जावं, तर 'मग तू ऐकलं कसं नाहीस' हा बाल्सामोचा प्रश्न या वेळी त्याच्याकडे वळणार होता. मुलीची कॉलेजची फी भरून होऊ दे, म्हणाला. ईस्टर होऊ दे, म्हणाला. एकदा गाडी काढून एकोणऐंशीव्या रस्त्यापर्यंत गेला, ल्युशसच्या घरासमोर इंजिन चालू ठेवून थोडा वेळ बसला आणि परत आला. खिडकीत दिवा होता. घरात माणूस होता. वीस पावलं चालायची होती फक्त. असे अकरा आठवडे गेले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाल्सामो पिटाच्या पायरीवर त्याला म्हणाला, "ऐकलंस? लू गेला. हृदय बंद पडलं. बागेत काम करत होता म्हणे."

शनिवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका लोकांना जागा दाखवत होत्या. बाजारातून आला होता तो फिंटन एकटाच. त्या देवळांत अंत्यविधीला एक रीत आहे, ज्याला बोलायचं त्यानं पुढे यावं आणि दोन मिनिटं बोलावं. तिघं बोलून झाल्यावर फिंटन उठला.

"माझं नाव फिंटन गॅरिटी," तो म्हणाला, आणि पहिल्या बाकावर काळ्या टोपीतल्या अर्नेस्टीनबाईंनी, ल्युशसच्या बायकोनं, मान वर केली. ते नाव त्या घरात ठाऊक होतं.

"गेल्या सप्टेंबरात मी समितीला सांगितलं की डिकन पेटवे उशिरा बोलले. ते खोटं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं." तो अडखळला.

"घाई नको, बाबा," मागून एक म्हातारी म्हणाली. "सांग सावकाश."

"जानेवारीत मला कळलं. तरी मी बोललो नाही. माझा डावा कान गेलाय, बरीच वर्षं झाली. ते त्यांना माहीत होतं. ते आधी बोलले होते. मला ऐकू आलं नाही."

"हं," सगळं देऊळ म्हणालं.

मग रेव्हरंड मोझली उभे राहिले. हळू बोलायला लागले, बागेबद्दल, मुलींबद्दल. आणि ठेका धरता धरता त्यांनी फिंटनचंच वाक्य उचललं. तो आधी बोलला होता. ऑर्गननं ते झेललं. लोक बाजूला सरले तेव्हा, तो आधी बोलला होता. कागद खोटं बोलला तेव्हा, तो आधी बोलला होता. सूर चढत गेला, माणसं उभी राहिली, आणि एका माणसाची लाज देवाच्या दारात गाणं होऊन गेली. फिंटन उजव्या कानानं ते ऐकत होता. सगळ्यांच्या वर चढायचा तो आवाज मात्र त्यात नव्हता.

नंतर तळघरात जेवण होतं. अर्नेस्टीनबाई स्वतःहून त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"मी त्यांना म्हटलं होतं, सांगा ना समितीला, त्याला त्या कानानं ऐकू येत नाही म्हणून. एका वाक्याचं काम होतं. तर म्हणाले, 'अर्नी, हे कळलं की उद्यापासून सगळे त्याच्या डाव्या बाजूनं विकतील. चार पोरं आहेत त्याची.'"

फिंटननं हातातला काटा खाली ठेवला.

"मला तुमचा राग आहे, मिस्टर गॅरिटी. तो जायला वेळ लागेल, खोटं कशाला बोलू. आणि गाडी दिसली होती आम्हाला त्या दिवशी. ते दार उघडायला उठले होते. मी म्हटलं, येऊ दे त्यालाच."

त्यांनी केकची बशी त्याच्यापुढे सरकवली. "खाऊन जा."

सोमवारी घंटा वाजायच्या आधी फिंटन बाल्सामोकडे गेला आणि कानासकट सगळं सांगितलं. बाल्सामोनं चष्मा काढून डोळे चोळले. "फाइल बंद झाली, फिंटन. माणूसही गेला. आता दुरुस्ती कुणासाठी करू?"

मग फिंटननं स्वतःच्या हातानं सगळं लिहून दालनाच्या दाराशी सूचनाफलकावर लावलं. पिटात उभा राहून मोठ्यानं सांगितलं. एकदोन जुन्या माणसांनी माना खाली घातल्या. बाकीचे हातावरच्या पाट्यांत बघत होते. "पेटवे कोण?" असं एका नव्या सटोडियानं शेजाऱ्याला विचारलं, आणि शेजारी म्हणाला, "होता एक दलाल. भाव पडल्यावर विकायचा." गुरुवारपर्यंत त्या कागदावर कुणीतरी गोल्फच्या सामन्याची सूचना चिकटवली होती.

वर्षभरात फिंटनही बाजारातून बाहेर पडला. मात्र रविवारी तो एकोणऐंशीव्या रस्त्यावरच्या त्या देवळात, मागच्या बाकावर बसायला लागला. अर्नेस्टीनबाई कधी मान हलवून नमस्कार करीत, कधी करीत नसत.

जिथे त्या माणसाचा शब्द बुडाला, तिथे तो कुणी वर काढला नाही, आणि आता तर ते पिटही राहिलं नाही. म्हणून माझं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. आज निजण्याआधी देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्या शेजारी हेही एक नाव घ्या. ल्युशस पेटवे.